डिस्टेंपरनंतर ढळलेली चाल : कोकणातल्या एका कुत्रीच्या अॅक्युपंक्चर-पुनर्वसनाचं प्रकरण

पार्श्वभूमी

रत्नागिरी जिल्ह्यातली खाडीकाठची एक वाडी. आंबा आणि सुपारीच्या बागेची राखण करणारी गावठी कुत्री, वय साधारण चौदा महिने, आजारापूर्वी वजन १५ किलोच्या आसपास. नाव बदलून तिला इथे तांबी म्हणू. सात आठवड्यांची असताना तिला डिस्टेंपर आणि पार्व्हो या कुत्र्यांच्या विषाणूजन्य आजारांच्या लशीचा पहिला डोस मिळाला. पुढचा डोस पावसाळ्याच्या तोंडावर यायचा होता. शेतीची कामं सुरू झाली आणि तो राहूनच गेला.

इतक्या लहान वयात दिलेला एकटा डोस बहुतेकदा पुरत नाही. आईच्या चिकातून आलेली प्रतिपिंडं पिल्लाच्या रक्तात असेपर्यंत ती लशीलाच निकामी करतात. म्हणून सहा-आठ आठवड्यांपासून सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी डोस द्यायचा असतो, आणि वर्षाने बूस्टर. रेबीजची लस गावातल्या शिबिरात टोचल्याचं घरच्यांना आठवत होतं, पण कार्ड नव्हतं. पुढे याच न सापडलेल्या कार्डाने दहा दिवस घेतले.

आजार आला तो एप्रिलमध्ये, आंबा काढणीच्या ऐन धांदलीत. ताप, डोळ्यांत चिपडं, नाकातून घट्ट शेंबूड, मग जुलाब. शेजारच्या घरची तीन पिल्लं त्याच पंधरवड्यात दगावली होती. तांबीला सलाइन आणि अँटिबायोटिक मिळालं, दहा-बारा दिवसांत ती खाऊ लागली. नाकाचा शेंडा आणि पायाच्या गाद्या मात्र खडबडीत, कडक झाल्या. डिस्टेंपरची ही ओळखीची खूण आहे. ती त्या वेळी कोणी पाहिली असती, तर पुढे काय येऊ शकतं याची सूचना घरच्यांना आधीच देता आली असती.

वाडीतल्या वयस्कर माणसांना हा विषाणू कोणत्या कुळातला हे सांगायला एक शब्द पुरतो : बुळकांड्या. गुरांची ती साथ २०११ मध्ये जगातून संपल्याचं जाहीर झालं. माणसांतला गोवर, गुरांतला बुळकांड्या आणि कुत्र्यांतला डिस्टेंपर हे एकाच घराण्यातले आहेत. डिस्टेंपर कोल्ह्यांना होतो, वाघ-सिंहांनाही होतो. २०१८ मध्ये गीरमधल्या सिंहांत तो सापडला होता. जंगलाला लागून असलेल्या वाडीत एका कुत्रीचा आजार त्या एका घरापुरता राहत नाही.

समस्या

ताप उतरून जवळपास तीन आठवडे झाल्यावर मे महिन्यात तांबी मागच्या पायांत झोकांड्या खाऊ लागली. डावा पुढचा पाय ठरावीक लयीत उडू लागला आणि झोपेतही थांबेना. डाव्या कानशिलाचा स्नायूही त्याच ठेक्यात हलत होता. याला मायोक्लोनस म्हणतात. थकवा किंवा थंडीची थरथर झोप लागली की थांबते, हा हिसका झोपेतही चालूच राहतो. घरच्या माणसालाही पाच मिनिटांत करता येईल अशी ही पारख आहे.

तपासणीच्या दिवशीच्या नोंदी : वजन १२.४ किलो. शुद्धीवर, हाकेला मान वळवते. मागचा पंजा उलटा टेकवला तर सरळ करायला तीन सेकंदांहून जास्त वेळ. गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया वाढलेली, म्हणजे दोष पायाच्या नसेपेक्षा वर, मज्जारज्जूत किंवा मेंदूत. बोटाचं हाड चिमट्याने दाबल्यावर दोन्ही पायांत वेदना समजते, वळून पाहते. ही शेवटची नोंद सर्वांत मोलाची. खोल वेदनाच कळत नसती, तर पुढची सगळी चर्चा वेगळी झाली असती.

पहिला निर्णय : सुईआधी रेबीज

गावातल्या कुत्र्यात अचानक मज्जासंस्थेची लक्षणं दिसली की पहिला प्रश्न रेबीजचाच असायला हवा. डिस्टेंपरचा इतिहास कितीही पटण्यासारखा असला तरी. लुळेपणाचा रेबीज चावरा नसतो. जबडा लोंबतो, मागचे पाय जातात, आणि माणसं घशात काही अडकलं असेल म्हणून तोंडात हात घालतात.

इथेही तेच घडलं. गोळी देताना घरातल्या मुलाच्या बोटाला दात खरचटून रक्त आलं होतं. रक्त आलं म्हणजे तिसऱ्या श्रेणीचा संपर्क : जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुणं, लस, आणि जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडं. निरोगी दिसणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीतही लस लगेच सुरू करून दहा दिवस लक्ष ठेवायचं असतं. लक्षणं असलेल्या कुत्र्यापुढे वाट पाहायला जागाच नाही. मुलगा प्राथमिक आरोग्य केंद्रात गेला दुसऱ्या दिवशी. तपासणीच्या टेबलावरूनच त्याला पाठवायला हवं होतं. “जरासं खरचटलंय” हे घरच्यांचं बोलणं कुत्रीच्या तपासणीच्या गडबडीत मागे पडलं.

तांबीला पडवीत एकटीला बांधलं आणि दहा दिवस हातमोजे घालूनच हाताळलं. या काळात अॅक्युपंक्चर करायचं नाही असं ठरलं. डोक्याजवळ सुया लावण्यासाठी दोन माणसांनी तोंडाशी हात न्यायचे, तेही निदान अर्धवट असताना, हा धोका पत्करण्याइतकी घाई नव्हती. लाळेत रेबीजचा विषाणू असलेलं कुत्रं साधारण दहा दिवसांच्या आत मरतं. तांबी जगली, आणि खाणंही टिकलं.

डिस्टेंपरसाठी दोन नमुने बर्फात घालून आरटी-पीसीआरला पाठवले : डोळ्याच्या पापणीच्या आतून घेतलेला पुसा (स्वॅब) आणि लघवी. पुसा निगेटिव्ह आला, लघवी पॉझिटिव्ह. मज्जासंस्थेची लक्षणं दिसेपर्यंत डोळ्या-नाकातला विषाणू बऱ्याचदा ओसरलेला असतो, लघवीत तो जास्त काळ राहतो. फक्त पुसा पाठवला असता तर “डिस्टेंपर नाही” असा कागद हातात पडला असता.

चौथ्या दिवशी फिटचा झटका आला. जबडा चावल्यासारखा वेगाने हलणं, तोंडाला फेस, सुमारे ४० सेकंद. लिव्हेटिरासिटाम हे फिट आवरणारं औषध सुरू झालं, २५० मिलिग्रॅमची एक गोळी दर आठ तासांनी, म्हणजे किलोमागे २० मिलिग्रॅम. फिनोबार्बिटाल स्वस्त पडलं असतं आणि दिवसातून दोनदाच द्यावं लागलं असतं. पण सुरुवातीच्या आठवड्यांत त्याने गुंगी येते, पाय लटपटतात, आणि इथे पायांचीच प्रगती मोजायची होती. आठ तासांच्या वेळापत्रकाची किंमत पुढे मोजावी लागली.

तोललेले पर्याय

दयामरणाचा विषय घरच्यांनीच काढला, आणि पशुवैद्यांनी तो टाळला नाही. झटके आटोक्यात येत नसतील, गिळता येत नसेल किंवा अंगावरचे व्रण वाढत असतील, तर तोच रस्ता माणुसकीचा ठरला असता. तांबी स्वतःहून खात होती, ओळखत होती, वेदना कळत होती. सहा आठवड्यांची मुदत ठरवली आणि थांबायचं कधी याच्या खुणा लिहून ठेवल्या : २४ तासांत दोनपेक्षा जास्त झटके, अन्न फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया, किंवा पाठीवर हाडापर्यंत गेलेला व्रण. या खुणा आधी लिहिलेल्या असल्या की वाईट दिवशी घरात वाद होत नाहीत.

मुंबईला नेऊन एमआरआय आणि पाठीच्या पाण्याची तपासणी करण्याचा पर्याय होता. लघवीचा अहवाल हाती असताना त्यातून उपचार बदलला नसता, म्हणून तो सोडला.

फक्त औषधं आणि शुश्रूषा, की त्याला व्यायाम, की व्यायामासोबत अॅक्युपंक्चर? इथे पुराव्याबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. कुत्र्यांत अॅक्युपंक्चरचा, त्यातही विजेच्या स्पंदनांसह केलेल्या अॅक्युपंक्चरचा, त्यातल्या त्यात बरा अभ्यास मणक्यातली गादी सरकण्याच्या आजारात झाला आहे. डिस्टेंपरनंतरच्या दोषांसाठी आधार आहे तो मुख्यतः एकेका प्रकरणाच्या आणि छोट्या गटांच्या नोंदींचा. गादीच्या आजारात मज्जारज्जू बाहेरून दाबला जातो. डिस्टेंपरमध्ये मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण आतून झडतं. सुईने हे आवरण परत बनतं असं सिद्ध झालेलं नाही. ताठर स्नायू सैल होणं, वेदना कमी होणं, जनावर शांत होणं, एवढी अपेक्षा वाजवी आहे. घरच्यांना याच शब्दांत सांगितलं गेलं आणि मगच होकार घेतला.

ओळखीतल्या, माणसांवर अॅक्युपंक्चर करणाऱ्या एका व्यावसायिकाला बोलवायचं असंही घरात चाललं होतं. त्याला नकार दिला, तो योग्यच होता. जनावरांवरचा उपचार भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ प्रमाणे नोंदणी झालेल्या पशुवैद्याचं काम आहे. शिवाय माणसाचा बिंदू कुत्र्याच्या अंगावर त्याच जागी नसतो. बाई-हुई हे त्याचं ठळक उदाहरण : माणसात हे नाव टाळूवरच्या बिंदूचं, कुत्र्यात ते कमरेच्या शेवटच्या मणक्यामागच्या खळग्याचं.

प्रत्यक्ष काम

पहिली बैठक मे अखेरीस. सहा सुया, दहा मिनिटं. (जीव्ही, बीएल, एसटी वगैरे ही अॅक्युपंक्चरच्या बिंदूंची सांकेतिक नावं.) डोक्यावर दोन कानांच्या मधोमध जीव्ही-२० ला एक, कातडीखाली आडवी, जेमतेम ५ मिलिमीटर. कमरेच्या मागे बाई-हुईला एक उभी, १० ते १५ मिलिमीटर. कमरेच्या दुसऱ्या मणक्याच्या दोन्ही बाजूंना बीएल-२३. गुडघ्याखाली नडगीच्या हाडाच्या बाहेरच्या अंगाला, स्नायूच्या फुगीर भागात एसटी-३६, दोन्ही पायांना. पाठ आणि मांडीसाठी ०.२५ × २५ मिलिमीटरच्या सुया, डोकं आणि पायासाठी ०.२० × १३. पहिल्याच दिवशी वीस सुया लावणं ही नेहमीची चूक आहे. अशक्त कुत्रं त्यानंतर दिवसभर गळून पडतं आणि घरच्यांचा विश्वास उडतो.

तिसऱ्या बैठकीपासून खांद्यांच्या वर, मानेचा शेवटचा आणि छातीचा पहिला मणका यांच्यामध्ये जीव्ही-१४, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला जीबी-३४ आणि घोट्याच्या आतल्या अंगाला केआय-३ हे वाढवले. एकूण अकरा सुया, पंधरा ते वीस मिनिटं. शेवटी मागच्या पायांच्या बोटांमधल्या पडद्यांवर, म्हणजे लिउ-फेंगवर, नुसतं टोचून लगेच काढायचं. पाय आखडून घेते की नाही, किती जोरात घेते, याची तिथल्या तिथे नोंद होते. पहिले चार आठवडे आठवड्यातून दोनदा, पुढचे चार आठवडे एकदा, नंतर पंधरवड्याने. बारा आठवड्यांत चौदा बैठका.

सुई लावताना बिघडतं कुठे, ते या प्रकरणात चांगलं दिसलं. दुसऱ्या बैठकीत उडणाऱ्या डाव्या पुढच्या पायाच्या दंडात एक सुई लावून पाहिली. मिनिटात चाळीसहून अधिक वेळा आकसणाऱ्या स्नायूत ती टिकणार कशी? दोन मिनिटांत ती वाकली आणि आत सरकू लागली. मग त्या पायाला हात न लावता जीव्ही-१४ आणि निरोगी बाजू यांवरच काम झालं. छातीमागच्या पाठीवरच्या बिंदूंना सुई सरळ खोल गेली तर फुप्फुसाला भोक पडू शकतं. बारीक झालेल्या कुत्रीत तिथे मांस उरलेलं नसतं, म्हणून ते बिंदू वगळले. सुया लावताना आणि काढताना मोजायच्या, दोन्ही आकडे कागदावर. गळ्यात कॉलर नसेल तर कुत्रं वळून सुई चाटतं आणि गिळतंही.

विषाणू लघवीतून दोन-तीन महिनेही बाहेर पडू शकतो. त्यामुळे दवाखान्यात तांबीची वेळ सगळ्यात शेवटची. लादी साबणाने धुऊन मग ब्लीचचं पाणी, लिटरला ३० मिली. डिस्टेंपरचा विषाणू बाहेर फार नाजूक असतो, एवढ्याने मरतो. सुया एकदाच वापरून बंद डब्यात.

व्यायाम बैठकीनंतर तासाभराने. या क्रमाला कारण होतं. सुयांनंतर मागच्या पायांचा ताठरपणा काही तास उतरलेला असे, आणि त्याच वेळात चालणं शिकवलं तर पाऊल नीट पडे. प्रत्येक सांध्याचं हलकं वाकवणं-सरळ करणं दहा वेळा, दिवसातून दोनदा. बसून उठणं पाच वेळा, तीन फेऱ्या. पोटाखालून जुन्या नऊवारीची घडी घालून आधार. खळ्यात पोफळीच्या पाच रिपा जमिनीपासून ५ सेंटिमीटर उंचीवर, एकमेकींपासून दीड फुटावर मांडून त्यांवरून हळू चालवणं. ओहोटीला ओल्या, घट्ट वाळूवर पाच मिनिटं, हळूहळू बारापर्यंत. कोरड्या भुसभुशीत वाळूत ती पडायची आणि घाबरायची. ओल्या वाळूत पंजा जरा रुतूनही आधार मिळतो. घरी आल्यावर गोड्या पाण्याने पाय धुणं चुकवायचं नाही, नाहीतर घासलेल्या बोटांत खारं पाणी आणि रेती राहते.

घरातली गुळगुळीत लादी हा पायांचा मोठा शत्रू होता. पडवीपासून जेवायच्या जागेपर्यंत काथ्याच्या चटया टाकल्यावर दोन दिवसांत पडणं कमी झालं, सुयांचा परिणाम दिसायच्या कितीतरी आधी. अंथरूण म्हणून आधी गोणपाट होता. तो ओला राहायचा आणि कुल्ल्यावर लालसर चट्टा उठला. मग रबरी मॅटवर रोज बदलायची गोधडी, आणि दर चार तासांनी कूस बदलणं.

मधली अडचण

चौथ्या आठवड्यात दवाखान्यातून परतताना गाडीतच झटका आला. घरच्यांचं पहिलं वाक्य होतं, सुयांनीच केलं. हा संशय बाजूला सारायचा नसतो, तपासायचा असतो. गोळ्यांचा हिशेब मांडला तर सत्र असलेल्या दिवशी दुपारची गोळी दोनदा हुकलेली निघाली. जाऊन-येऊन तीन तासांचा प्रवास, आणि गोळी घरीच. आठ तासांचं औषध हुकवल्यावर झटका येणं अपेक्षितच आहे.

तरीही दोन बदल केले. बैठका घरीच घ्यायच्या, आणि पुढच्या दोन बैठकांत डोक्यावरची सुई वगळायची. दोन्ही बदल एकदम केल्याने नेमकं कशाने फरक पडला हे कळायची वाट बंद झाली. सुरक्षिततेसाठी मात्र तेच बरं होतं. त्यानंतर या लेखनापर्यंत झटका आलेला नाही.

याच सुमारास यंत्र लावायची, म्हणजे सुयांना वीज जोडायची मागणी आली. पशुवैद्यांनी नकार दिला. झटक्यांचा ताजा इतिहास असताना विजेची स्पंदनं टाळावीत हा नेहमीचा नियम आहे, आणि या आजारात तिचा फायदा पुरेसा दिसलेला नाही. आमच्या मते या प्रकरणातला हा सर्वांत ठाम आणि बरोबर निर्णय होता.

पाऊस लागल्यावर किनारा बंद झाला. जांघेत ओलाव्याने पुरळ उठलं. त्या कातडीतून सुई लावायची नाही म्हणून बिंदू बदलले, अंग पुसून पंख्याखाली वाळवणं वाढलं. रिपांचं काम खळ्यातून पडवीत आलं.

परिणाम

दर रविवारी एकाच जागी, एकाच कोनातून १० मीटर चालण्याचा व्हिडिओ घेतला होता, आणि झोपेत डाव्या पायाचे हिसके एक मिनिट मोजले होते. सुरुवात, सहावा आठवडा आणि बारावा आठवडा असे आकडे :

१० मीटरमध्ये पडणं : ७, ३, ०.
आधाराविना उभं राहणं : १८ सेकंद, दीड मिनिट, पूर्ण जेवण होईपर्यंत.
उलटा पंजा सरळ करणं : दोन्ही मागच्या पायांत तीन सेकंदांहून जास्त, नंतर दोन सेकंद, शेवटी उजवा लगेच, डावा अजून सुमारे दोन सेकंद.
झोपेतले हिसके मिनिटाला : ४४, ४१, ३६.
वजन : १२.४, १३.१, १४.२ किलो.

चालणं खरोखर सुधारलं. मायोक्लोनस जवळपास तिथेच आहे. ४४ वरून ३६ हा फरक मोजणाऱ्या माणसाचा किंवा झोपेच्या खोलीचाही असू शकतो, आणि हा दोष बहुधा आयुष्यभर राहतो. नारळी पौर्णिमेनंतर ती पुन्हा वाळूवर चालू लागली. वजन वाढल्याने किलोमागे औषध कमी पडत होतं, म्हणून डोस नव्याने मोजावा लागला.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत मोठी उणीव मोजणीच्या क्रमात आहे. औषध स्थिरावल्यावर दोन आठवडे फक्त व्यायाम आणि शुश्रूषा ठेवून मग सुया सुरू केल्या असत्या, तर सुधारणेचा चढ सुईनंतर बदलला का हे थोडं तरी दिसलं असतं. डिस्टेंपरमधून वाचलेली काही कुत्री सुयांशिवायही चालायला लागतात. इथे चटया, नऊवारीची घडी, रोजचे दोन तास आणि सुया हे सगळं एकत्र आलं, आणि श्रेय मात्र वाडीत सुयांना मिळालं. ते श्रेय वाटून द्यायला हवं. नाहीतर पुढचं घर फक्त सुया मागेल आणि दिवसातून सहा वेळा कूस बदलणार नाही.

मुलाला त्याच दिवशी आरोग्य केंद्रात पाठवणं, प्रवासाच्या पिशवीत गोळीची जादा पट्टी ठेवणं, पहिल्या आजारातच गाद्यांचा कडकपणा ओळखणं, या तीन गोष्टींना पैसा लागला नसता. आणि वाडीतल्या उरलेल्या नऊ कुत्र्यांचं लसीकरण ऑगस्टमध्ये झालं ते मे महिन्यातच व्हायला हवं होतं. तांबी निदानाच्या वेळी विषाणू बाहेर टाकत होती.

एक प्रश्न घरच्यांसमोर अजून आहे. तांबी चालते, भुंकते, बागेच्या कडेपर्यंत जाते. पण डाव्या बाजूला वळताना मागचा पाय अजून घसरतो, आणि वेगाने पळणं जमत नाही. वाडीत बिबट्याचा वावर आहे. पूर्वी रात्री ती बागेत मोकळी असायची. सध्या अंधार पडला की तिला पडवीत घेऊन दार लावतात, आणि बागेची राखण दुसरं कुत्रं करतं.